डकोटाचा हरवलेला आवाज

"आज विमान मुकं कावून आहे गं?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा मी संगणकावरच्या विमानात, मुंबईच्या धावपट्टीच्या तोंडाशी उभी होते. पडद्यावर दोन्ही पंखे फिरत होते, तेलाच्या दाबाचे काटे जागेवर होते, आणि खोलीत आवाज होता तो फक्त कूलरचा. मी स्पीकरची खुंटी फिरवली, पूर्ण. काही नाही. बाबा मान तिरकी करून, उजवा कान स्पीकरकडे धरून वाट पाहत होते.

हा आवाज आमच्या घरात इतका महत्त्वाचा का, हे आधी सांगते.

बाबा आता ८५ वर्षांचे आहेत. १९६२ साली ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आमच्या घरातल्या भाषेत 'आरएमएस'मध्ये लागले आणि नोकरीची पहिली अकरा वर्षं त्यांनी नागपूरची रात्रीची हवाई डाक पाहिली. जानेवारी १९४९ मध्ये ती सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं, चारही मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत चारही आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मधोमध आहे हे आम्ही पाहुण्यांना झिरो माईलचा दगड दाखवून सांगतो. बाबांच्या खात्यानं तो मध्य रोज रात्री कामाला लावला. १९७३ मध्ये ती सेवा बंद झाली. बाबा म्हणतात की विमान दिसायच्या आधी ऐकू यायचं, आणि हमाल आवाजावरूनच सांगायचे की आता गाडे पुढं घ्या.

चार वर्षांपासून बाबांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. समोरचा चेहरा दिसत नाही, कडेनं हालचाल तेवढी कळते. डावा कानही अधू आहे. वाचन गेलं, टीव्ही गेला. मी फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा प्रोग्राम, घेतला होता तो स्वतःच्या आवडीसाठी. बँकेतून आल्यावर तासभर उडवायचा. एकदा मी त्यात डकोटा हे दोन पंख्यांचं जुनं विमान सुरू केलं आणि बाबा शेजारच्या खोलीतून भिंतीला धरत धरत आले. दारात उभे राहून म्हणाले, "हे तं डकोटा होय." त्या दिवसापासून दर शनिवारी रात्री आम्ही 'डाक' आणतो. मुंबई ते नागपूर सुमारे ७०० किलोमीटर, डकोटाला अडीच तास लागतात. मी डावीकडे बसते, ते उजवीकडे. मला पडदा दिसतो, पण विमानात खरे बसलेले असतात ते बाबाच, कारण त्यांच्यासाठी ते विमान सगळंच्या सगळं आवाजाचं आहे.

आणि आवाज ही सजावट नाही. डकोटाला १,२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं, प्रत्येकात १४ सिलिंडर. दोघांचे फेरे अगदी सारखे नसले की दोन सुरांतून घूंऽऽ घूंऽऽ अशी लाट उठते. एक सूर सेकंदाला १०० कंपनांचा आणि दुसरा १०२ चा असेल तर सेकंदाला दोन लाटा. मग एका बाजूच्या पंख्याचा वेग बदलणारा दांडा केसभर सरकवायचा, लाट लांबत जाते, लांबत जाते आणि थांबते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना हेच ऐकतात. वैमानिक हे काट्याकडे बघून नाही, कानानं करायचे. म्हणून मला मुकं डकोटा उडवताच येत नाही. उडेल ते, पण ते उडवणं नव्हे.

तर त्या शनिवारी सकाळी मी बर्डीतून नवा मॉनिटर आणला होता, मोठा, बाबांना कडेच्या नजरेनं क्षितिजाची रेघ तरी दिसावी म्हणून. एचडीएमआयची तार लावली, चित्र सुंदर आलं, आणि संध्याकाळी हे.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो संगणकातला आहे. म्हणाला, "मावशी, आवाजाचा ड्रायव्हर काढून टाक आन् पुन्हा टाकून पाह्य." ड्रायव्हर म्हणजे संगणकाला आवाजाचं यंत्र चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम. मी तो काढला, संगणक बंद-चालू केला, पुन्हा टाकला, पुन्हा बंद-चालू. दीड तास गेला. आवाज नाही. आज मला ठामपणे वाटतं की ड्रायव्हर ही पहिली पायरी असूच नये. ती चुकीची नाही, पण तिच्यातून काही कळत नाही. आवाज आला तरी कशानं आला ते समजत नाही, आणि नाही आला तर आपण होतो तिथंच उभे असतो, वर जुन्या सेटिंग पुसल्या गेलेल्या असतात.

वाट मोकळी केली ती बाबांनी. मी वैतागून खुर्ची मागं ढकलली तेव्हा ते म्हणाले, "थैली गहाळ झाली ना, तं आम्ही साऱ्या हिंदुस्थानात शोधत नव्हतो फिरत. शेवटची सही कुठं झाली ते पाहाचो. तिथवर थैली आली होती. पुढच्या ठेसनावर नाही पोचली. मंग बोला तेवढ्याच दोघांशी."

मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि आवाजाच्या थैलीचा रस्ता लिहिला. विमानातलं यंत्र. मग सिम्युलेटरचा स्वतःचा आवाजाचा मेनू. मग विंडोजचा मिक्सर, जिथं प्रत्येक प्रोग्रामची वेगळी पट्टी असते. मग आवाज बाहेर पाठवायचं यंत्र. मग ड्रायव्हर. मग संगणकाचं स्पीकर लावायचं हिरवं भोक, तार, स्पीकर, खुंटी. मग बाबांचा कान. नऊ-दहा ठेसनं. सगळ्यांना एकदम विचारायचं नाही, मधल्या एखाद्याला विचारायचं.

सगळ्यात आधी शेवटचं टोक. स्पीकरची तार संगणकातून काढून फोनला लावली आणि गाणं वाजवलं. वाजलं. म्हणजे स्पीकर, तार, खुंटी, तिन्ही सुटले, एका मिनिटात. मग विंडोजच्या आवाजाच्या जुन्या पॅनेलमध्ये गेले. तिथं प्लेबॅकच्या यादीत प्रत्येक यंत्रापुढं एक उभी पट्टी असते, आवाज जात असला की ती हिरवी उसळते. टेस्टचं बटण दाबलं. पट्टी उसळली, पण स्पीकरच्या नावापुढं नाही. मॉनिटरच्या नावापुढं.

एचडीएमआयच्या तारेतून चित्राबरोबर आवाजही जातो. संगणकाला सकाळी एक नवं आवाजाचं यंत्र सापडलं आणि तेच त्यानं मुख्य धरलं. त्या मॉनिटरला स्पीकर नाहीतच, मागं फक्त हेडफोनचं भोक आहे. आवाज व्यवस्थित निघत होता आणि एका बहिऱ्या पेटीत जाऊन पडत होता. स्पीकर पुन्हा मुख्य केले, टेस्ट दाबलं, डावीकडून टिंग, उजवीकडून टिंग. ब्राउझरमध्ये गाणं लावलं, वाजलं. बाबा म्हणाले, "झालं?"

नव्हतं झालं. सिम्युलेटर सुरू केला, पंखे फिरले, शांतता.

इथं मी एक चूक केली आणि ती तपशिलानं सांगते, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. गाणं वाजतं म्हणजे मिक्सरपासून पुढचा रस्ता बरा आहे, हा माझा हिशेब बरोबर होता. मग मी मिक्सर उघडला. यादीत सिम्युलेटर होता, पट्टी शंभरवर होती, पण तिच्यातली हालचाल शून्य. गाण्याच्या पट्टीत आवाज नाचत होता, सिम्युलेटरच्या पट्टीत काही नाही. म्हणजे थैली मुंबईतूनच निघाली नाही, असं मी मानलं. सिम्युलेटरच्या सगळ्या फायली तपासायला लावल्या. पाऊण तास. एकही फाइल खराब निघाली नाही.

बाबा तोवर झोपायला गेले होते. साडेअकरा वाजले होते. मी सिम्युलेटरचा आवाजाचा मेनू ओळीनं वाचायला घेतला, आजवर कधी पूर्ण वाचला नव्हता तो. मुख्य आवाज, इंजिन, वारा, कॉकपिट, रेडिओ, सहवैमानिक, भोवतालचा आवाज. आणि खाली एक छोटी चौकट, टिक केलेली: खिडकी मागं गेली की आवाज बंद.

मग डोक्यात प्रकाश पडला. मिक्सर बघायला मी मिक्सरवर क्लिक करत होते. क्लिक केलं की सिम्युलेटरची खिडकी मागं जायची आणि तो नियमाप्रमाणे गप्प व्हायचा. म्हणजे मी बघायला गेले की पट्टी शून्य होणारच. सही तपासणारा माणूस आला की गाडी थांबायची, आणि मी म्हणत होते की गाडी आलीच नाही. चौकटीतली टिक काढली, पुन्हा मिक्सर उघडला. सिम्युलेटरची पट्टी थरथरत होती! दोन इंजिनांची संथ थरथर. आवाज अजूनही ऐकू येत नव्हता, पण मला तेवढ्यानंच फार बरं वाटलं. थैली मुंबईहून निघाली होती. सही होती.

पुढचं दहा मिनिटांत सुटलं. सिम्युलेटरमधून निघते, मिक्सरमध्ये दिसते, पण स्पीकरच्या पट्टीत येत नाही, मग जाते कुठं? सिम्युलेटरच्या त्याच मेनूत सगळ्यात वर आवाज बाहेर पाठवायच्या यंत्राची स्वतंत्र यादी होती, आणि तिथं मॉनिटरचं नाव होतं. मॉनिटर जोडल्यावर मी सिम्युलेटर पहिल्यांदा सुरू केला तेव्हाचं मुख्य यंत्र त्यानं पकडून ठेवलं होतं. मी विंडोजला नवा पत्ता सांगितला, पण सिम्युलेटरला कुणी सांगितलाच नव्हता. तिथं स्पीकर निवडले. सिम्युलेटर बंद करून पुन्हा उघडावा लागला.

स्टार्टरचं चाक आधी नुसतं फिरवायचं असतं, त्याचा सूर चढत जातो, मग ते इंजिनला जोडायचं. तो चढता सूर आला. मग एक खोकला, दुसरा, आणि गडगड. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "कोण्या इंजिनापासून सुरू केलं?" झोपले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मला वाटलं होतं की आता सरळ उडायचं. पण एकदा ऐकायची सवय लागली की आधी न जाणवलेलंही जाणवतं. नागपूर जवळ आलं की मी इथल्या व्हीओआरची वारंवारता लावते. ते जमिनीवरचं रेडिओ केंद्र सतत आपली खूण मोर्समध्ये पाठवत असतं, तीन अक्षरं. काटा हलला म्हणून केंद्र बरोबर आहे असं धरायचं नसतं. खूण कानानं ऐकून मगच त्याच्यावर विसंबायचं, हा खऱ्या वैमानिकांचा नियम आहे. मला खूण ऐकू येत नव्हती. इंजिन येत होतं, वारा येत होता, खूण नाही.

पुन्हा कॅलेंडरचं पान काढलं. या वेळी थैली अगदी पहिल्या ठेसनावरच अडली होती, विमानाच्या आत. कॉकपिटमध्ये आवाजाचं एक पॅनेल असतं: कुठला रेडिओ कानात यायला हवा, त्याचं प्रत्येकाचं वेगळं बटण. दिशादर्शक रेडिओचं बटण बंद होतं, आणि त्या रेडिओची स्वतःची आवाजाची खुंटीही खाली होती. संगणकात काही बिघाड नव्हता, विमान तसंच होतं जसं खऱ्या वैमानिकानं ठेवलं असतं. मला हे शिकताना आनंद झाला. कितीतरी लोक रेडिओ ऐकू येत नाही म्हणून विंडोजच्या मागं लागतात आणि बटण नाकासमोर असतं. आधी विमानातलं पॅनेल पाहावं, मग संगणकाचं.

बटण दाबताच डा-डिट, डा-डिट सुरू झालं. बाबा एकदम सरळ बसले. "तारघर," म्हणाले. स्टेशनाजवळच्या तारघरातला आवाज त्यांना आठवला. टपाल आणि तार हे तेव्हा एकच खातं होतं, १९८५ मध्ये वेगळी झाली. त्या रात्री उतरायला अर्धा तास उशीर झाला, कारण बाबा तारघराबद्दल बोलत राहिले आणि मी सोनेगावभोवती घिरट्या घालत राहिले.

आता सगळ्यात अवघड भाग. आई साडेदहाला झोपते आणि तिची झोप हलकी आहे. म्हणून बाबांसाठी बिनतारी हेडसेट घेतला, ब्लूटूथवाला, मऊ गादीचा. पहिल्या रात्री आवाज अप्रतिम आला. दुसऱ्या शनिवारी मी व्हॅटसिमला जोडले. तिथं जगभरची हौशी माणसं खरोखरच्या कंट्रोलरसारखी बसतात आणि आपण त्यांच्याशी बोलत उडायचं असतं. जोडले आणि बाबांनी हेडसेट काढून हातात धरला.

"हा टेलिफोनवरून येऊन राहिला."

मी कानाला लावून पाहिला. आवाज होता. इंजिन होतं. पण सपाट, डब्यातून आल्यासारखं, डावं-उजवं काही नाही. मला आधी वाटलं की नवा हेडसेट बिघडला. बाबा म्हणाले, "बिघडला नाही. टेलिफोन होय हा. जुना ट्रंक कॉल असाच यायचा, आवाजाले खालचा भागच नाही."

त्यांनी जे कानानं ओळखलं ते शब्दशः खरं होतं, हे मला दोन दिवस वाचून कळलं. ब्लूटूथ हेडसेटचे दोन वेगळे कारभार असतात. एक गाण्यासाठी: दोन्ही बाजूंचा आवाज, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने, पण एकाच दिशेनं. दुसरा फोनवर बोलण्यासाठी: एकच बाजू, सेकंदाला बहुधा ८,००० किंवा १६,००० नमुने, पण माइकसकट. हेडसेटचा माइक कुठल्याही प्रोग्रामनं उघडला की अख्खा हेडसेट दुसऱ्या कारभारात जातो. मी व्हॅटसिमला जोडले तेव्हा बोलायच्या प्रोग्रामनं माइक म्हणून हेडसेटचाच माइक धरला होता, आणि त्या क्षणी डकोटाचा आवाज टेलिफोन झाला. जुन्या टेलिफोनची पट्टी साधारण ३०० ते ३,४०० कंपनांची. डकोटाची घरघर बरीचशी त्याच्या खाली असते. खालचा भागच नाही, असं बाबा म्हणाले होते.

उपाय साधा निघाला. एक स्वस्त तारेचा माइक घेतला, यूएसबीत खुपसला, आणि बोलायच्या प्रोग्राममध्ये माइक म्हणून तो निवडला. ऐकायचं हेडसेटवर, बोलायचं तारेवर. पुढं चुकून कुठल्या प्रोग्रामनं हेडसेटचा माइक धरू नये म्हणून हेडसेटच्या गुणधर्मांत जाऊन सेवांच्या यादीतली हँड्स-फ्री टेलिफोनीची टिकही काढली. त्यानं हेडसेटचा माइक पूर्ण मरतो, तर ज्यांना त्यावर फोनही घ्यायचे असतात त्यांनी हे करू नये. आम्हाला नको होता, आम्ही केलं.

एक खोड मात्र उरली. कंट्रोलर बोलला की इंजिन दूर जायचं, त्याचं बोलणं संपल्यावर हळूच परत यायचं. आवाजाच्या जुन्या पॅनेलमध्ये कम्युनिकेशन्स नावाचं पान आहे. बोलणं चालू झालं की बाकी आवाज ८० टक्के कमी करायचे, असं तिथं आधीपासून निवडलेलं असतं. ऑफिसच्या मीटिंगसाठी ते ठीक. विमानात इंजिन कमी झालं की मनाला वाटतं इंजिन गेलं. काही करू नये, हा पर्याय निवडला. बाबांनी त्या रात्री सुटकेचा श्वास टाकला, कारण दर वेळी इंजिन खाली गेलं की ते खुर्चीचा हात घट्ट धरायचे. हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

तडतडीबद्दल थोडक्यात. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, दुपारी उडवलं की आवाजात भजी तळल्यासारखी तडतड यायची, रात्री नाही. आवाजाचं स्वरूप २४ बिट, ४८,००० वर नेलं, विंडोजचे आवाज सुधारायचे पर्याय बंद केले, थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो चित्राचा वेग सेकंदाला ३० चौकटींवर बांधल्यावर. माझा समज असा की तापलेला प्रोसेसर मंदावतो, आवाजाचा पुढचा घास वेळेवर भरत नाही आणि ती फट तडतड म्हणून ऐकू येते. आवाजाची परीक्षा करताना आम्ही कूलर बंद ठेवतो. नागपुरात मे महिन्यात हा त्याग आहे, पण वाळ्याच्या ताट्यांमागच्या त्या पंख्याची घरघर आणि डकोटाची घरघर एकमेकींत मिसळतात आणि काहीच नीट कळत नाही. दहा मिनिटं बंद, मग सुरू.

शेवटचं ठेसन मी कॅलेंडरच्या पानावर लिहिलं होतं, पण तिथं कधी गेलेच नव्हते: बाबांचा कान.

सगळं सुरळीत झाल्यावर एकदा बाबा म्हणाले की डावं इंजिन मागं पडून राहिलं. मी काटे पाहिले, दोन्ही सारखे. हेडसेट लावून ऐकलं, दोन्ही सारखे. मग लक्षात आलं. डावा कान अधू आहे. त्यांना डावं इंजिन लहान ऐकू येतं, म्हणून मागं पडल्यासारखं वाटतं. मला आधी सुचला तो एकसुरी आवाजाचा पर्याय, विंडोजच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये आहे, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दोन्ही कानांत तोच देतो. एका कानानं ऐकणाऱ्याला बातम्या-गाण्यांसाठी तो फार चांगला, काही हरवत नाही. पण बाबांनी लगेच ओळखलं. "आता एकच इंजिन आहे, मधात कुठंतरी." तो पर्याय काढून टाकला.

त्याऐवजी हेडसेटच्या गुणधर्मांत डाव्या आणि उजव्या बाजूची वेगळी पट्टी असते तिथं गेले. डावी शंभरवर ठेवली, उजवी हळूहळू खाली आणली. बाबा हातानं सांगत होते, अजून, अजून, थोडं वर. ९०, ८०, ७०. ६४ ला त्यांनी हात थांबवला. मग एकूण आवाज थोडा वाढवला. मी तो हेडसेट लावला तर मला सगळं डावीकडं कललेलं वाटतं, पण तो माझा हेडसेट नाही. माझ्यासाठी दुसरा आहे, तारेचा.

हे आकडे मी कॅलेंडरच्या त्याच पानावर लिहून पान संगणकाच्या मागच्या भिंतीला चिकटवलं, कारण हेडसेट काढून पुन्हा जोडला की काही वेळा पट्ट्या मूळ जागी जातात. ड्रायव्हर बदलला तरी जातात. शनिवारी उडायच्या आधी मी ते पान वरून खाली वाचते: मुख्य यंत्र कुठलं, सिम्युलेटरचं यंत्र कुठलं, माइक कुठला, डावी-उजवी किती, कॉकपिटमधली बटणं. दोन मिनिटं लागतात. बाबा तोवर थर्मासमधला चहा ओततात, बशीच्या काठाला बोट लावून, सांडू न देता.

मागच्या शनिवारी आम्ही मुंबईहून निघालो, रात्री दहाला. अकोल्याच्या पुढं कुठंतरी, ७,००० फुटांवर, हवा शांत होती. लाट उठली. घूंऽऽ घूंऽऽ, सेकंदाला एक. मला ती ऐकू आली, पण मी मुद्दाम काही केलं नाही.

"उजवं पुढं पळून राहिलं," बाबा म्हणाले. "घे मागं."

मी उजवा दांडा किंचित मागं घेतला. लाट लांबली. दोन सेकंदांना एक. मग चार.

"अजून जरासं. हळू. हळू घे बेटा."

लाट इतकी लांबली की आता ती आहे की नाही तेच कळेना. मी काट्याकडे बघितलं नाही. बाबांचा हात हवेत होता, तळवा खाली.

"बस," ते म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवला.